बाकी

मे महिन्यातल्या शनिवारी कलासंग्रहालय सहाला बंद होत नाही.
चित्रं आत, पंखे बंद.
खिडक्या मी उघड्या ठेवतो, साहेबांना न सांगता.
तैलरंगातल्या त्या बाईलाही उकडत असेल.

बाहेर हिरवळीवर खुर्च्या,
गवतात पाइपाचं पाणी अजून कोमट,
वटवाघळं उठायच्या बेतात,
आणि पुण्याहून आलेल्या पोरांच्या मधोमध
सॅक्सोफोन घेऊन हिंदुराव आवळे.

ह्यांना मी ओळखतो.
माझ्या वरातीत, गंगावेशीच्या वळणावर
घोडी अडली तेव्हा हेच वाजवत होते.
लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, एक बटण तुटलेलं.
घोडी हलेना. बँड थांबेना.
वडलांनी त्यावरून अडीचशे कापले.

आज कोट नाही. इस्त्रीचा पांढरा शर्ट.
सूर धरतात, सोडतात.
आता समेवर येतील म्हणून मी मांडीवर थाप द्यायला हात उचलतो,
तर हे भलत्याच बोळात शिरलेले.
ड्रमवरचा पोरगा हसत मागं मागं जातो.
पुढच्या रांगेतल्या मॅडम डोळे मिटून डुलतात.
जॅझ म्हणतात. मला त्यातलं काही कळत नाही,
खोटं कशाला बोलू.

मग मधेच, कुणाच्या ध्यानात येणार नाही असे
चार सूर.
तीच वरात, तेच वळण,
खूर ड्रमवर अडलेले.

संपल्यावर मी तांब्याभर पाणी नेलं,
आणि घडी घातलेले अडीचशे.
पाणी प्याले. नोटा मोजल्या.
म्हणाले,
‘मग, हलली का न्हाई घोडी?’