एकशे तेरावं पान

बर्डीच्या फूटपाथवर साठ रुपयांना मिळालं,
पटकथा कशी लिहावी याचं पुस्तक.
आत आधीच्या मालकाच्या पेन्सिलच्या रेघा,
एकशे बारा पानांपर्यंत. पुढे कोरं.
त्याला नोकरी लागली असेल,
किंवा सगळं समजलं असेल.

उपकार नाकारत नाही.
माझी पहिली अकरा पानं त्यानेच उडवली:
अंबाझरीवरचा सूर्योदय, गजराचं घड्याळ,
आरशात दात घासणारा नायक.
सीनमध्ये उशिरा शिरा, म्हणालं,
आणि मी शिरलो थेट
गोळीबार चौकात, प्रमिलामावशीच्या घरी,
जिथे मेकॅनिक कूलरचं झाकण काढून म्हणतो,
मोटर गेली.
मे महिना आहे, हे वेगळं लिहावं लागलं नाही.

मग पान पंचवीस. इथे वळण हवं.
एकशेवीस पानांतलं पंचविसावं, म्हणजे
ऐंशी वर्षांच्या आयुष्यात साधारण साडेसोळावं वर्ष.
साडेसोळाव्या वर्षी मावशी कांड्या भरत होती.
पंधराव्याही. चाळिसाव्याही.

पात्राला काय हवंय ते एका वाक्यात लिहा.
तिलाच विचारलं.
"मले काय पाह्यजे? तू जेवून जाय."
दोन वाक्यं झाली. कोणतं खोडू?

सीनमधून लवकर निघा, असंही लिहिलंय,
खाली जाड रेघ.
हे लिहिणारा नागपूरला कुणाकडे
बसायला गेलेला नाही.
इथे निघतो म्हटल्यावर निघायला सुरुवात होते.
दोन तास तूरडाळीचा भाव, मेट्रोचे खांब,
बारापात्रेंच्या सुनेचं गुडघ्याचं ऑपरेशन
(एवढ्या लहान वयात!),
मग चपला, मग अंगण,
मग गाडीला मारलेली किक
आणि लगेच बंद केलेली गाडी, कारण
फाटकाच्या कडीवर हात ठेवून
ती दुसरीकडेच पाहत बोलायला लागली होती:

"माग विकला ना, त्या रात्री तुये काका रडले नाही.
झोपले. पण हात हालत होता झोपेत.
धोटा फेकल्यावानी. इकून तिकडे.
मी धरला, तर मलेच घेऊन हालला.
अजून हालते."

आतून खोकला आला.
"जाय बरं," ती म्हणाली, "ऊन लागन."

पुस्तकाप्रमाणे हे कापायचं होतं. कापलं.
सीन मोटरवर संपवला, वाचला.
चांगला झाला होता, घट्ट,
कुणाचाही झाला असता.

परत जोडला. लांबलाय. ढिला आहे.
तूरडाळही ठेवली, कारण तिच्याशिवाय
फाटकापर्यंत पोचताच येत नाही.

मग पेन्सिल शोधली
आणि एकशे तेराव्या पानाच्या समासात,
पुस्तक पुन्हा बर्डीला जाईल तेव्हासाठी,
लिहून ठेवलं:
गाडी लगेच सुरू करू नका.