चकती

अठ्ठावीस वर्षं मी लोकांच्या घरातली चकती वाचली.
बोर्डाची नोकरी. जिन्याखाली, चपलांच्या रॅकवर,
जाळ्याजळमटांमागे फिरणारी ॲल्युमिनियमची चकती,
तिच्या कडेला एक काळी खूण.
खूण समोरून गेली की एक फेरा.
कुणाचंही घर एवढ्यात मोजून होतं
असं तेव्हा वाटायचं.

तव्यांचा नाद तिथूनच लागला.
गोकुळपेठेत एका घरी आतून सतार ऐकू येत होती
आणि मीटरची चकती अगदी त्याच लयीत...
नाही, खोटं बोलतो. लय काही जुळत नव्हती.
पण मी तीन मिनिटं जास्त उभा राहिलो
आणि आकडा चुकीचा लिहिला.
त्या महिन्यात त्यांना बिल चाळीस रुपये कमी आलं.

आता सहाशे बारा आहेत माझ्याकडे.
इतवारीत, शहीद चौकाच्या मागे, धकाते किलोनं विकतो.
"जड रायते जी, लोखंडाच्या भावानं घेऊन जा."
मी तवा उन्हात तिरपा धरतो.
वरवरचा ओरखडा डोळ्याला दिसतो,
खोल असला तर नखाला लागतो.
मग वास. डांबरगोळी, बुरशी, कुणाचं तरी कपाट.
एका कव्हरवर निळ्या शाईत 'चि. सौ. कां.',
पुढचं नाव ओल्या बोटानं पुसलेलं.

मे महिना तव्यांचा वैरी.
सत्तेचाळीस डिग्रीला ते पापडासारखे मुरडतात
आणि सुई भंडारा रोडवरच्या एसटीसारखी वर-खाली.
कूलर लावावा तर खसाच्या ओलीनं कव्हरं बुरसतात.
कुंदा म्हणते, "मानसायनं घामानं मराव,
अन् तव्यायचे लाड पायजे, नाही?"
मी ऐकून घेतो. वाकलेला तवा दोन काचांत घालून
वर तिचाच पाटा ठेवतो.
घरात मिक्सर आहे. ती विचारत नाही.

दिवाळीनंतर धकातेचा फोन: अजनीचा लॉट आला, या.
त्रेपन्न तवे. आतल्या प्रत्येक कागदावर पेन्सिलीच्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
कोपऱ्यात नाव: सु. मा. गजघाटे, रेल्वे क्वार्टर.
मला समजायला वेळ लागला नाही.
सुई किती वाजली, कधी बदलायची,
याचा हिशेब.
माझ्याच जातीचा माणूस,
म्हणजे मोजणाऱ्यांच्या.

बहुतेकांवर वीस, तीस.
बासरीच्या एका तव्यावर एकशे अकरा.
मग तारीख, २ मार्च ७१,
आणि तिच्याखाली बोटभर कोरी जागा.
मग आणखी दोन रेघा, इतक्या हलक्या,
जणू शेजारी कुणी झोपलंय
आणि पेन्सिल वाजेल.

अजनीला जाऊन विचारता आलं असतं.
दार वाजवायची सवय आहे मला,
"मीटर" म्हटलं की लोक आत घेतात.
नाही गेलो.

काल रात्री तोच तवा लावला. दुसरी बाजू.
पाच-सहा मिनिटं झाली असतील, तोच लाईट गेली.
पंखा गेला, बॉक्स गप्प.
तवा मात्र अजून फिरत होता,
आणि अंधारात सुईच्याच तोंडून
डासाएवढी बासरी.
फेरा मंदावत गेला तशी ती खाली खाली उतरली,
पोरीची बाई, बाईचा म्हातारा झाला,
मग नुसती खरखर.
मग तेही नाही.

पलीकडून कुंदा म्हणाली, "पुढचं?"
म्हटलं, लाईट आली की.

अजून जागी होती तर.

आमच्या दाराशी आता नवा मीटर आहे,
त्यात चकती नाही, लाल ठिपका लुकलुकतो.
तोही विझलेला.
मी टॉर्च दातांत धरून कागद काढला, पेन्सिल काढली.
अर्ध्या बाजूची रेघ कशी काढतात
हे गजघाट्यांनी कुठे लिहून ठेवलेलं नाही.