हातमोजे : नाहीत

आमचं काहीच दुकानात मिळत नाही.
नाव तुम्ही ऐकलं नसेल,
पण तुमच्या बुटाच्या तळव्यात आम्ही आहोत,
बाळाच्या लंगोटात, मोटारीच्या रंगात,
कोंबडीच्या दाण्यात.
सगळीकडे चिमूटभर.
चिमटी विकूनच हे गाव उभं राहिलं.

एर्ले नदीकाठी लेबरेख्ट हाउक नावाचा औषधविक्या
हाडं उकळून सरस करायचा.
वास येतो म्हणून त्याला गावाबाहेर जागा दिली,
पुढं गावच सरकत सरकत त्या वासात शिरलं.
चार वर्षांनी त्यानं डांबरातून पहिला लाल काढला.
माझी पणजी सांगायची, खोटंही असेल,
सोमवारी नदी लाल, गुरुवारी निळी;
बदकांकडे बघून वार कळायचा.

पाटी पाच वेळा बदलली.
हाउक आणि मुलगे.
मुलगे भांडले, मग नुसतं हाउक.
मग संयुक्त रंगकारखाने,
मग चार आद्याक्षरं, ज्यांचा उलगडा पेन्शनीतल्या लोकांनाच येतो.
आता हांबुर्गच्या सल्लागारांनी शोधलेला शब्द, ओर्वेन्ता.
कुठल्याच भाषेत त्याला अर्थ नाही,
म्हणूनच, ते म्हणाले, तो कोणाला टोचणार नाही.
फाटकावरची अक्षरं उतरवली, तर खाली
विटा जुन्या नावाच्या आकारात
कोऱ्या राहिलेल्या.

मी वाल्ट्राउट केसेलहूट.
तळघरातल्या दप्तरखान्यात एकवीस वर्षं.
दीडशेव्या वर्षाची पुस्तिका माझ्याकडे आली:
चाळीस पानं, गुळगुळीत कागद, फोटो भरपूर.
जनसंपर्कातले तरुण हेर याश्के म्हणाले,
'तेहतीस ते पंचेचाळीस एका वाक्यात आटपा.
कठीण काळ म्हणा. सगळेच म्हणतात.'

आटपलंही असतं.
पण सव्वीस नंबरच्या कपाटात कोठाराची वही निघाली.
१९४३, हिवाळा, विभाग चार, आम्ल.
डावीकडे बिल्ल्यांचे नंबर,
उजवीकडे दिलेल्या वस्तू.
२११ : लाकडी तळाचे बूट. हातमोजे : नाहीत.
२१२ : बूट नाहीत. हातमोजे : नाहीत.
२१३ : फडकी दोन. हातमोजे : नाहीत.
असं खाली, खाली, एक्केचाळीस जणी,
वळणदार अक्षरात, एक खाडाखोड नाही.

ते अक्षर मी ओळखते.
मुरंब्याच्या बरण्यांवर पाहिलंय,
माझ्या सहाव्या वाढदिवसाच्या कार्डावर.
कोठारप्रमुख ओटमार, माझे आजोबा.
बरणीवर तारीख नसेल तर झाकण उघडू द्यायचे नाहीत.

फक्त २१७ पुढं, समासात, शिसपेन्सिलीनं,
इतकं पुसट की दिवा तिरपा धरावा लागला:
'ओदार्का. सोळा. माझे दिले.'
पुढच्या पानावर २१६ आहे, २१८ आहे.

आजी एकदा म्हणाली होती,
एका हिवाळ्यात हा हातमोजे हरवून आला,
सशाच्या अस्तराचे, मी त्याला वेंधळा म्हटलं,
आणि तो ऐकून घेत बसला.

मी रात्री आकडेमोड करते.
एक्केचाळिसातून एक गेली, चाळीस.
ते चाळीस कुठं मांडायचे कळत नाही,
आणि तो एक हातात घेतला
की फार मऊ लागतो, सशाच्या अस्तरासारखा.
मन म्हणतं, बघा, आमचा माणूस.
तिथंच मला माझी भीती वाटते.

हेर याश्केंनी पान धरून ठेवलं आठवडाभर.
'रकाना फार लांब आहे,' म्हणाले.
'होताच,' मी म्हटलं.
मग काय झालं कोण जाणे, त्यांनी सही केली.

पुस्तिका आली. पान अकरा.
नंबर सगळे आहेत, एक नाव आहे, वय आहे.
शेवटचे दोन शब्द मी स्वतःच वगळले.
आजोबा रागावले असते का, ठाऊक नाही;
नोंद अर्धी ठेवणं त्यांना खपायचं नाही.

उन्हात शाई उडू नये म्हणून
तिच्यात जे चिमूटभर घालतात
ते आम्हीच बनवतो.
विभाग चार.