अस्तर

मंडई चार दिवसांवर.
वडसा स्टेशनामागे, राइस मिलच्या भिंतीला टेकलेल्या
माझ्या दुकानात ती आली तेव्हा
कोंडा उडत होता. तिनं ओढणी नाकावर धरली होती.
मोबाइलमधला फोटो दाखवला :
कुठल्याशा गाण्यातली बाई, अंगात काही नसल्यासारखी.
'अस्संच पाहिजे मामा.
पण आतून सगळं झाकून द्या.
थंडी लय राहते न तुमच्याकडे, रातच्याला.'

वहीत लिहिलं : सिमरन. हंगामा पार्टी, नागपूर.

जाळीच्या ठाणावर छापलं होतं, स्किन कलर.
तिच्या मनगटाला लावून पाहिलं. गुलाबी.
कोणाची कातडी ही?
आमच्या झाडीत असली कातडी
फक्त नुकत्या जन्मलेल्या उंदरांची.
मग चहापत्ती उकळली, चिमूटभर कात टाकला,
तीनदा बुडवलं, तीनदा वाळवलं,
सुकत्या मोहफुलाचा रंग येतो
त्याच्या जरा अलीकडे थांबलो.
तिनं हातावर पसरून पाहिलं.
कापड कुठं संपलं
ते एक क्षण तिलाही कळलं नाही.

माझा बाप खडी गंमतीचं शिवायचा.
त्याचं गिऱ्हाईक फागो नाच्या,
दिवसा रोवण्याच्या चिखलात, रात्री नऊवारीत.
बाप चोळीत चिंध्यांचे गोळे भरायचा,
दोन्ही सारखे यावे म्हणून
किराण्याच्या तराजूत तोलून आणायचा.
गॅसबत्तीत फागोची हिरवट हनुवटी साफ दिसायची.
तरी शिट्ट्या.
तरी पाटलाचा रुपया थेट चोळीवर.
आणि शाहीर विहिरीचं, पोहऱ्याचं, पेरूचं जे काही गायचा
त्यातला पेरू पेरू नसतो
हे मला सातव्या वर्षी समजलं होतं.

म्हणून 'आमच्या वेळेस असं नव्हतं बाप्पा'
असं पारावर कोणी सुरू केलं
की मी सुई दातात धरतो.

पण एक होतं.
कोंबडा आरवायच्या थोडं आधी
फागो पदर डोक्यावर घ्यायचा,
आणि तोच गळा
लेक सासरी धाडणाऱ्या आईचा व्हायचा.
पोहऱ्यावर खिदळलेली माणसं
दुपट्ट्यानं डोळे पुसत घरी जायची.
रात्रीला तेव्हा दुसरी बाजू होती.
आता गाणं साडेतीन मिनिटांचं,
त्यातलंही पोरांना मधलं अर्धंच हवं असतं.

मंडईच्या रात्री गेलो. शिवण पाहायला जातो, घरी सांगितलं.
डीजेच्या दणक्यानं चहावाल्याच्या गंजातलं दूध थरथरत होतं.
सकाळी भागवताच्या मंडपात पुढं बसलेले
तंटामुक्तीचे अध्यक्ष इथंही पुढंच,
मफलर तेवढा नाकापर्यंत.
ती वाकली.
दोनतीनशे मोबाइल वर झाले,
दोनतीनशे काचांवर
माझं कापड.
'दिसलं बे, दिसलं!' शेजारचा पोरगा मला कोपर मारत ओरडला.
काय दिसलं रे, बाबू?
चहापत्ती. कात.
पंचेचाळीस रुपये मीटर.
काखेतला एक टाका उसवत चालला होता,
तो तेवढा कोणालाच दिसला नाही.

मागं, ताडपत्रीच्या आडोशाला,
दोन स्वेटर चढवून ती आलुपोंगे खात होती.
'बिलावर खरं नाव टाका मामा,
नाहीतर मालक कापडाचे पैसे देत नाही.'
'सांग.'
'दुर्पता. आजीचं ठेवलं होतं.'

माझी सुई थांबली.

'काहून, काय झालं?'
'काही नाही. हात वर कर.'
बाहेर पुढच्या गाण्याचा ठेका सुरू झाला होता,
तिचं नाव पुकारत होते, ते दुसरं.
मी रिळाचा दोरा ओढला,
एका टाक्याला लागतो त्याहून लांब,
अजून थोडा लांब,
आणि दातानं तोडायला
जरा उशीर केला.