आ

असिस्ते.
मी लामेकच्या पोलीस चौकीत पोचण्याआधीच
हा शब्द इंग्रजीत जाऊन बसला होता.
शाळेत दोन वर्षं फ्रेंच शिकलेल्या कारकुनाने
नुसत्या चेहरेपट्टीवरून त्याला ओळखलं
आणि टंकून टाकलं:
भावाच्या बुडण्यात मी साहाय्य केलं.
खाली सहीची जागा रिकामी.

हवालदार हारग्रोव्हने कागद माझ्याकडे सरकवला,
आवाज एकदम हळू.
समोर ओनेसीम. रबरी बूट मांडीपर्यंत.
फरशीवर खारं पाणी.

मी म्हटलं, थांबा.
या दोन शब्दांचं आडनाव एक,
पण जाणंयेणं कधीच तुटलंय.
आमच्याकडे लग्नाला असिस्ते करतात, प्रार्थनेला करतात,
हॉकीच्या सामन्याला करतात.
म्हणजे जातात. बसतात.
वाढायला कोणी उठत नाही.
तो एवढंच म्हणतोय:
भाऊ बुडाला तेव्हा मी तिथे होतो.
धक्क्यावर.

हवालदाराने श्वास सोडला, ओळ खोडली.

ओनेसीमने विचारलं, काय खोडलं?
सांगितलं. दुभाष्याने लपवायचं नसतं.
तो अंगठ्याने अंगठा चोळत राहिला.
"पण मदत, असाही अर्थ आहे की.
आई शेवटी शेवटी म्हणायची,
धाकट्याने मला असिस्ते केलं."

आहे, मी म्हटलं.
माणसाला केलं तर मदत.
घटनेला केलं तर हजेरी.
हजेरीच्या वेळी मध्ये एक अक्षर येतं. आ.

"लिव्हँला केलं असतं तर
हा आ लागला नसता?"

नसता.

खिडकीबाहेर कोणीतरी शेवंडीचे सापळे रचत होतं,
लाकडावर लाकूड.

"दोरी त्याच्या पायाला गुंडाळली गेली.
सापळा गेला, मागोमाग तो.
माझ्या हातात कॉफी होती.
साधी सांडलीसुद्धा नाही.
मी असा उभा."
आणि त्याने आ वासला.
दोन काळे दात, आत अंधार,
आवाज नाही.
मिटायला वेळ लागला.

काय म्हणतोय? हवालदाराने विचारलं.
मी म्हटलं,
म्हणतोय, आता बरोबर आहे.

सही झाली.
गाडीत बसून मी बिल लिहिलं:
अर्धा तास.
कामाचा तपशील: एक अक्षर.