नऊ आणे

"पडनू नही माय, बठनू."
आप्पांचं म्हणणं अजून तेच आहे.
कूलरमध्ये पाणी ओतताना, बादलीसकट बसले,
मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, चोपड्यात,
जिथे त्या वेळी कुत्रंसुद्धा गटारीतून उठत नाही.
समोरच्या पार्वताबाईंनी बादलीचा आवाज ऐकला.
माणसाचा आलाच नाही, असं त्या येईल त्याला सांगतात.

जळगावला खुब्यात सळई घातली.
परतताना विदगावच्या पुलावर
आप्पांनी गाडी हळू घ्यायला लावली.
मला वाटलं, तापी बघायचीय.
म्हणाले, सांध्यांवर दणका बसतो.
पुलाच्या की स्वतःच्या, ते सांगितलं नाही.

पस्तीस वर्षं जमिनी मोजल्या या माणसाने.
तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे.
भाऊ भावावर कुऱ्हाड घेऊन आलेल्या बांधांवर
हे छत्री आणि नकाशा धरून उभे.
चहा कुणाकडचा घ्यायचे नाहीत,
घेतलाच तर दोघांकडचा.

आता पलंग ते मोरी.
व्यायाम शिकवायला येणारा पोरगा म्हणतो, काका, वीस पावलं.
आप्पांना पावलं मान्य नाहीत.
पाऊल कधी लहान पडतं, कधी मोठं,
पावलावर कुणी हद्द कायम करतं का?
माझ्याकडून शिवणाची टेप मागवली.
ते पलंगावरून हुकूम सोडत राहिले,
मी गुडघ्यांवर, फरशीभर, टेप सरकवत.
नऊ आणे.
थोडे वरचे इंच त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिले.

पहिल्या आठवड्यात दीड आणा, आणि उशीभर घाम.
आधी वॉकर, मग दुखरा, मग चांगला.
आधी वॉकर, मग दुखरा.
मी मागे, दोन्ही हात हवेत,
न शिवता धरलेले.

भेटायला येणारे केळी आणतात
आणि पडलेल्यांच्या गोष्टी.
धरणगावचा व्याही असाच पडला, तो दिवाळी बघू शकला नाही.
आप्पा शांतपणे विचारतात, डावा की उजवा?
डावा.
"मना उजवा शे," म्हणतात, आणि केळं सोलतात.

भावाचा सुरतेहून फोन येतो: बाई ठेव, पैसे मी देतो.
बाई ठेवलीही. तिसऱ्या दिवशी आप्पांनी तिला
तिच्या सासऱ्याच्या शेताचा गट नंबर विचारला,
आणि तिच्या नवऱ्याचा हिस्सा किती बुडाला ते सांगितलं.
ती भांडायला सासरी गेली, ती गेलीच.

मोरीला दार नाही, पडदा आहे,
आईच्या लुगड्याचा.
"तू भाईर ऱ्हाय."
राहिले. आत तांब्या पडला, घरंगळला,
मग बराच वेळ काहीच नाही.
मग, अगदी हळू: "डोया मिची ले. मंग ये."

डोळे मिटून मी बापाच्या पाठीवर पाणी ओतलं.
हाताला कळलं,
मानेची खरखरीत कातडी एका रेषेवर संपते.
त्या रेषेखाली इतका मऊ माणूस होता
की माझा हात तिथेच थांबला.
ऊन तिथपर्यंत कधी पोचलंच नव्हतं.
मीही.
"पानी थंडं व्हयी ऱ्हायनं," ते म्हणाले.

माझी रजा सतरा तारखेला संपते.
हे दोघांनाही माहीत आहे, बोलत कुणी नाही.
कॅलेंडरात सतराच्या चौकोनात
दूधवाल्याचा हिशोब लिहिलाय, बारीक अक्षरात,
आकडा झाकला जाईल इतका.

काल रात्री लाईट गेली, कूलर थांबला,
आणि त्या शांततेत वॉकरचा आवाज.
मला हाक नाही.
एका पायाचं रबर निघालंय, म्हणून टक, आणि सरपट.
मी उठले नाही. चादर मुठीत धरून मोजत राहिले.
चार आणे. पाच.
सहाव्याला आवाज थांबला.
कुठे थांबला, टेबलाशी की उंबऱ्याशी?
मी श्वास धरला, तो त्यांनी ऐकला असावा.

"काय आयकी ऱ्हायनी? जपी जाय."

नाशिकच्या शाळेत मी मुलांना शिकवते,
जपणे म्हणजे सांभाळणे.
आमच्याकडे त्याचा अर्थ झोपणे.
अंधारात पुन्हा टक झालं,
सरपट झाली,
आणि मी, त्यांच्या बोलीत, जपले नाही.