एक वजा

आमच्याकडे पहिलं मूल झालं
की बाईचं नाव बदलतं.
म्हणून आई मा-लिखाफा, लिखाफाची आई.
लिखाफा म्हणजे मी.

पैशांची गाडी पहिल्यांदा डोंगर चढून आली
तेव्हा मी दहाची होते, सेएसो पोटात.
पोलिसानं बंदूक मांडीवर आडवी ठेवली,
कारकुनानं यादीवरून बोट फिरवलं
आणि मोठ्यानं वाचलं ते नाव
अर्धं माझं होतं.

मला वाटलं, बूट येतील.
आईनं दोन कोंबड्या घेतल्या,
घेवड्याचं अर्धं पोतं, रॉकेल.
पुढच्या खेपेला पुन्हा तेच.
मास्तर उंबऱ्यापर्यंत आले, म्हणाले,
सरकारचे मालोती पोरांच्या शिक्षणासाठी असतात, बाई,
एक पेन्सिल तरी?
तिनं सेएसोला खांद्यावर घेतलं होतं.
"याला अजून मान धरता येत नाही," म्हणाली.
मास्तर माझ्या पेन्सिलीबद्दल बोलत होते.

घेवडा तिनं खाल्ला, दूध त्याला उतरलं.
दात आले तसं अंडं,
मक्याच्या पेजेत कुस्करून.
मला मोरोह्याची भाजी,
तो जन्मायच्या आधी होती तीच.
राग? होता की.
एकदा कोंबडीखालून गरम अंडं काढलं,
कच्चंच प्यायले,
टरफल चुलीच्या राखेत पुरलं.

आता मी मासेरूला, कारखान्यात,
जीन्सना खिसे लावते. फक्त मागचे.
नाताळला घरी येते तेव्हा
सेएसो दाराशी बसून वाचत असतो,
ओठ न हलवता.
अक्षरं मलाही येतात.
पगाराच्या चिठ्ठीवरून मी बोट फिरवते त्या कारकुनासारखं,
पण ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत
सुरुवात निसटलेली असते.

नव्या बाई म्हणतात, पोरगा जात्याच हुशार.
जात्याच म्हणजे काय, ते मला विचारा.
बुधवारी एक. रविवारी एक.

काल रात्री त्यालाच गणित घातलं:
आठवड्याला दोन अंडी,
तर पाच वर्षांची किती?
त्यानं डोळे मिटले, पुटपुटलाही नाही.
"पाचशे वीस."

आई चुलीतली राख ओढत होती.
पाठमोरीच म्हणाली,
"त्यातून एक वजा कर."